समुपदेशनाला पहिल्यांदा जाताना: सातारा-सांगलीकरांसाठी सविस्तर माहिती

विटा, तासगाव, कराड, कोरेगाव, कुठूनही फोन आला तरी सुरुवात बहुधा सारखीच असते. "आमच्या भावासाठी विचारायचं होतं," असं म्हणून माणूस बोलायला लागतो आणि थोड्या वेळाने लक्षात येतं की भाऊ म्हणजे तो स्वतःच. मग दोन प्रश्न येतात. कुणाला कळणार नाही ना? आणि किती वेळा यावं लागेल? "तिथं नेमकं करतात काय?" हे मात्र कुणी विचारत नाही. खरं तर ते माहीत नसल्यामुळेच लोक भलत्या अपेक्षेने येतात आणि दुसऱ्यांदा फिरकत नाहीत. सांगली-मिरज आणि कराड भागात समुपदेशनाचं काम करताना मला या एकदाच येऊन गेलेल्या माणसांची सगळ्यात जास्त हळहळ वाटते. त्यांच्यासाठी आणि अजून फोन न केलेल्यांसाठी हे लिहिते आहे.

आधीच एक सांगून ठेवते. समुपदेशनात सल्ला कमी मिळतो आणि निवाडा अजिबात मिळत नाही. आपल्याकडे घरात बिनसलं की मामा, थोरले चुलते, भावकीतली चार माणसं बसवायची रीत आहे. ती ऐकून घेतात आणि कुणाचं चुकलं ते सांगतात. समुपदेशकही तसंच करेल असं धरून आलात तर पहिल्याच दिवशी निराश व्हाल. तो प्रश्न विचारतो, तुमच्याकडूनच उत्तरं काढतो आणि ती उत्तरं रोजच्या वागण्यात कशी उतरवायची याचा सराव करून घेतो. याला वेळ लागतो, आणि निम्मं काम तुम्हाला करावं लागतं.

आधी कुणाकडे जायचं ते ठरवा

पाट्यांवर वेगवेगळे शब्द असतात, त्यात गोंधळू नका. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट. ते आधी एमबीबीएस करून मग या विषयात एम.डी., डी.पी.एम. किंवा डी.एन.बी. झालेले डॉक्टर असतात. ते औषध लिहून देतात, गरज पडल्यास दाखल करून घेतात. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. त्यांचं एम.ए.नंतर एम.फिल.सारखं विशेष शिक्षण झालेलं असतं आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, त्यांची नोंदणी असते. ते चाचण्या घेतात, बोलण्यातून उपचार करतात, पण औषध देऊ शकत नाहीत. समुपदेशक मानसशास्त्रात एम.ए. किंवा समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू. केलेले असतात. घरातले ताण, नातेसंबंध, अभ्यास, दुःख, व्यसनाच्या घरातली कुतरओढ अशा बाबतीत ते चांगलं काम करतात. मात्र हा शब्द दोन-चार दिवसांचा कोर्स करूनही लावता येतो, म्हणून शिक्षण विचारा. विचारलेलं ज्याला आवडत नाही त्याच्याकडे जाऊ नका.

काही वेळा समुपदेशनात वेळ न घालवता थेट मानसोपचारतज्ज्ञ गाठावेत. माणसाला नसलेले आवाज ऐकू येतात. लोक आपल्यावर टपलेत असा पक्का संशय बसला आहे. दिवसच्या दिवस झोप नाही आणि तरी अंगात वारं भरल्यासारखा उत्साह आहे, पैसे उधळले जातायत. आठवडेच्या आठवडे खाणं-पिणं, अंघोळ सुटली आहे. मरणाचे विचार येतायत. दारू अचानक बंद केल्यावर हात थरथरतायत, भास होतायत. दारूच्या या प्रकारात तर जिवाला धोका असतो, तेव्हा त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

आपल्या भागात अजूनही पुष्कळ घरांत पहिली फेरी देवऋष्याकडे होते. "बाहेरचं आहे" म्हणून अंगारे-धुपारे होतात आणि त्यात महिने जातात. देवावर श्रद्धा ठेवून उपचार घेणारी माणसं मी रोज पाहते, त्यात काहीच अडचण नाही. उपचार थांबवून उतारे करण्यात अडचण आहे. भूत उतरवायच्या नावाखाली मारणं, साखळीने बांधून ठेवणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. या कायद्यासाठी आयुष्य वेचलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचेच. व्यसनमुक्तीसाठी त्यांनी साताऱ्यात उभी केलेली परिवर्तन संस्था या भागातल्या पुष्कळांना माहीत असेल.

मग ठिकाण ठरवा

साताऱ्यात सदर बझारातलं क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आणि मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, ज्यांना आपण सगळे सिव्हिल म्हणतो, तिथं केसपेपर काढून मानसोपचाराची ओपीडी दाखवता येते. मनोविकाराचे विभाग कराडजवळ मलकापूरच्या कृष्णा रुग्णालयात आणि सांगलीच्या भारती रुग्णालयातही आहेत. सरकारी ठिकाणी खर्च नगण्य असतो, पण गर्दीमुळे बोलायला वेळ थोडा मिळतो. म्हणून तिथं तपासणी आणि औषध, आणि सविस्तर बोलण्यासाठी वेगळा समुपदेशक, अशी जोडणी अनेकांना सोयीची पडते. ओपीडीत गेल्यावर "इथं समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ आहेत का, त्यांचा वार कोणता?" एवढं आवर्जून विचारा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची माणसं ठराविक वारी ग्रामीण रुग्णालयातही येतात. तो वार तुमच्या आशाताईंना विचारलात तर फेरी वाचेल.

कुठंच जायचं धाडस होत नसेल तर १४४१६ या क्रमांकावर फोन करा. टेलि-मानस ही केंद्र सरकारची सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. ती चोवीस तास आणि फुकट आहे, आणि मराठीत बोलता येतं.

आता "कुणी बघितलं तर?" या भीतीविषयी. ही भीती खरी आहे, तिला हसू नये. सांगलीत विश्रामबागला गाडी लावली तरी कुणीतरी ओळखीचं भेटतं आणि मुलीचं लग्न जमवायचं असेल तर आईबापाच्या पोटात गोळा येतो. म्हणून सांगलीची माणसं कोल्हापूरला जातात, साताऱ्याची पुण्याला. पहिल्या एक-दोन वेळा ते जमतं. मग ऊसतोड येते, मुलांच्या परीक्षा येतात, एसटीचा दिवस मोडतो आणि येणं बंद होतं. माझं स्पष्ट मत आहे की अर्ध्या-पाऊण तासात पोचता येईल असंच ठिकाण निवडावं. लपायचंच असेल तर वेळेत लपा. दुपारी दोन-तीनची वेळ मागा, किंवा काही सेशन व्हिडिओवर करा. व्हिडिओवर बोलायचं तर घरात दार लावून बसता येईल अशी जागा हवी. ती नसेल तर शेतात लावलेल्या गाडीत बसून बोलणारीही माणसं आहेत, आणि त्यांचं छान चाललंय.

फोनवर काय विचारावं

वेळ घ्यायला फोन कराल तेव्हा सगळी कहाणी सांगायची गरज नाही. "झोप लागत नाही, घरात ताण आहे, बोलायचं होतं," एवढं पुरे. तुम्ही मात्र विचारून घ्या: तुमचं शिक्षण काय, अशा अडचणींवर आधी काम केलंय का, एक सेशन किती मिनिटांचं, फी किती, वेळ रद्द करायची तर कधीपर्यंत कळवायचं, आणि औषधाची गरज वाटली तर तुम्ही कुणाकडे पाठवता. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. "औषध-बिवध काही लागत नाही, मी सगळं बरं करतो," असं कुणी म्हणालं तर दुसरीकडे फोन करा. दहा सेशनचे पैसे आगाऊ मागणाऱ्याच्या बाबतीतही तेच.

अठरा वर्षांखालच्या मुलासाठी आईवडिलांपैकी कुणाची तरी संमती लागते. सज्ञान माणसाला स्वतःहून येता येतं, घरच्यांना विचारायची सक्ती नाही.

जाण्याआधीची तयारी

तयारी फार लागत नाही. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पाकिटासकट न्या. बीपी-शुगरच्या, आयुर्वेदिक, मेडिकलमधून स्वतः आणलेल्या झोपेच्या, सगळ्या. थायरॉइड किंवा बी-१२ ची तपासणी आधी झाली असेल तर रिपोर्ट घ्या. थायरॉइड बिघडलं तरी उदासी, थकवा, चिडचिड होते आणि डॉक्टर ते आधी तपासायला सांगतात.

एका कागदावर तीन-चार ओळी लिहा: त्रास कधीपासून, तेव्हा घरात किंवा कामात काय घडलं होतं, त्रास कशाने वाढतो, आणि आता काय करायचं सुटलंय. ही शेवटची ओळ आम्हाला फार उपयोगी पडते. "मन लागत नाही" यापेक्षा "दोन महिने झाले, सोसायटीच्या मीटिंगला गेलो नाही, भजनाला जायचं सोडलं" यातून कितीतरी जास्त कळतं.

घरी कुणाला सांगायचं? निदान एका माणसाला सांगा. सगळ्यांना सांगायची गरज नाही. सोबत कुणी येत असेल तर आधीच बोलून ठेवा की ते बाहेर बसतील, गरज पडली तर आत बोलावू. सेशननंतर लगेच दुकान उघडायचंय, पाहुणे यायचेत असं ठेवू नका, तासभर तरी मोकळा ठेवा.

पहिला दिवस

पहिलं सेशन साधारण पाऊण ते एक तासाचं असतं, कधी थोडं लांबतं. सुरुवातीला एक फॉर्म असतो: नाव, वय, पत्ता, तातडीच्या वेळी कुणाला फोन करायचा ते. मग समुपदेशक गोपनीयतेबद्दल सांगतो. त्याने नाही सांगितलं तर तुम्ही विचारा, तो तुमचा हक्क आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा, जो २०१८ पासून लागू झाला, त्यात तुमच्या उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क लिहिलेला आहे. म्हणजे तुमच्या नवऱ्याने, सासूने, साहेबाने किंवा लग्नाची चौकशी करणाऱ्या पाहुण्याने फोन केला तर "त्या इथं येतात का" एवढंही सांगायचं नसतं. याला थोडे अपवाद आहेत. तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका दिसला, न्यायालयाने माहिती मागितली, किंवा अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर गप्प बसता येत नाही. या शेवटच्या बाबतीत २०१२ च्या पॉक्सो कायद्याने कळवणं सक्तीचं आहे.

मग प्रश्न सुरू होतात. झोप, भूक, काम, घरात कोण कोण, लहानपण, शाळा, लग्न, आजारपणं, घराण्यात कुणाला असा त्रास होता का, दारू-तंबाखू, कर्ज. मरणाचे विचार येतात का, हेही थेट विचारलं जाईल. ते सगळ्यांनाच विचारतात, तेव्हा दचकू नका आणि खरं सांगा. विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट बहुतेकांना सांगून मोकळं वाटतं. एखाद्या प्रश्नाचं उत्तर आज द्यायचं नसेल तर "हे पुढच्या वेळी बोलू का?" असं म्हणा, चालतं. "हे कशासाठी विचारताय?" असंही विचारता येतं.

रडू आलं तर येऊ द्या. त्या खोलीत टिश्यूचा डबा असतोच. पुरुषांना याची फार लाज वाटते आणि रडल्याबद्दल माफी मागत बसतात. खरंच, माफी मागू नका. काही जणांना उलट काहीच बोलता येत नाही. तेही चालतं. समुपदेशक मध्येच गप्प बसला तर त्याला काही सुचत नाही असं समजू नका, तो तुम्हाला वेळ देतोय.

पहिल्या दिवशी आजाराचं नाव कळेलच असं नाही, आणि घाईने नाव देणाऱ्याबद्दल मला शंका येते. पण उठण्यापूर्वी तीन गोष्टी तुमच्या हाती पडायला हव्यात: अडचण काय आहे याबद्दल त्याचा अंदाज, आपण कशावर काम करणार आहोत, आणि पुढची तारीख. नाही सांगितलं तर मागून घ्या.

पुढचे काही आठवडे

पहिल्या सेशननंतर कुणाला हलकं वाटतं, कुणाला दोन दिवस गळून गेल्यासारखं होतं. वर्षानुवर्षं दाबून ठेवलेलं बाहेर काढल्यावर त्रास होणारच. "बरं व्हायला गेलो आणि जास्तच बिघडलं" म्हणून सोडू नका, पुढच्या वेळी नेमकं हेच सांगा.

साधारणपणे आठवड्यातून एकदा किंवा पंधरा दिवसांतून एकदा बोलावतात. चिंता, पॅनिक (अचानक येणारे घबराटीचे झटके), सौम्य-मध्यम नैराश्य यासाठी विचार आणि वागणं यांवर काम करणाऱ्या पद्धतींत बारा-सोळा सेशनचा आराखडा पुष्कळदा असतो. बालपणापासूनच्या जखमांना जास्त वेळ लागतो. एखादा ठराविक निर्णय घ्यायचा असेल तर चार-पाच वेळांतही भागतं. आपल्याकडचे बरेच समुपदेशक अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ पद्धत वापरतात. तिचा गाभा असा की प्रसंग आणि आपली भावना यांच्यामध्ये आपण स्वतःशी बोललेलं एक वाक्य असतं. द्राक्षाचा माल दर पडून गेला, हा प्रसंग. "मी कर्ता पुरुष म्हणून कुचकामी आहे," हे मधलं वाक्य. नुकसानीचं दुःख होणारच, पण माणूस अंथरुणाला खिळतो तो त्या मधल्या वाक्यामुळे. ते पकडायचं, त्याला पुरावा मागायचा, बदलायचं. यासाठी गृहपाठ मिळतो. वहीत रोज एक प्रसंग लिहा, टाळत असलेलं एक काम आठवड्यात करा, असं. गृहपाठ करणारी माणसं लवकर सुधारतात. तासभर बोलून बाकीचे सहा दिवस वही न उघडणाऱ्याला फरक पडायला फार वेळ लागतो. लिहिता येत नसेल तर मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून आणा.

पुरानंतरच्या भीतीबद्दल एक वेगळं सांगायला हवं. ऑगस्ट २०१९ चा पूर ज्यांनी कृष्णाकाठी पाहिला, त्यांतल्या काहींना पाऊस लागला की आजही झोप येत नाही. पाणीपातळीचे आकडे ते रात्रभर बघत बसतात. याला मनाचा कमकुवतपणा म्हणू नये. यावर उपचार आहेत आणि पावसाळ्याची वाट न बघता उन्हाळ्यातच सुरू केलेले बरे.

औषध सुरू झालं तर दोन-तीन गोष्टी लक्षात ठेवा. नैराश्याच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात, दुष्परिणाम मात्र पहिल्या आठवड्यातच जाणवतात. नेमक्या याच टप्प्यावर लोक गोळ्या सोडतात. सोडण्याआधी डॉक्टरांना फोन करा. या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही, पण एकदम बंद केल्या तर चक्कर, बेचैनी होते, म्हणून हळूहळू कमी करतात. सवय लागायचा धोका असतो तो झोपेच्या काही गोळ्यांचा, त्या सांगितलेल्या मुदतीपलीकडे मेडिकलमधून आणत राहू नका.

तीन-चार सेशननंतर स्वतःला विचारा: मला इथं ऐकून घेतलं जातंय का, कशावर काम चाललंय ते मला सांगता येईल का? नसेल तर आधी समोरच बोला. तरी जमलं नाही तर समुपदेशक बदला, यात कुणाचा अपमान नाही. काही गोष्टी मात्र खपवूनच घेऊ नका: तुमची जात किंवा पगार बघून शेरे मारणं, आपला धर्म किंवा गुरू तुमच्यावर लादणं, गंडे-खडे विकणं, अंगाला नको तसा स्पर्श, सेशनबाहेर भेटायचा आग्रह. उठा आणि निघा.

घरातल्या सगळ्यांनी मिळून जायचं असेल तर

कुटुंबाचं समुपदेशन हा प्रकार आपल्याकडे अजून थोड्यांनाच माहीत आहे. खरं तर मनोरुग्णाच्या उपचारात घरच्यांना सोबत घ्यायची भारतातली वाट जुनी आहे. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून सोबत राहायला लावलं होतं, आणि रुग्ण लवकर घरी जाऊ लागले. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत कुटुंबासाठी वेगळा विभाग आहे. आपली माणसं घरात गुंतलेली असतात, एकट्याला बदलून परत त्याच घरात सोडलं की महिन्याभरात सगळं जागच्या जागी येतं, हे त्यामागचं साधं कारण.

घरातली माणसं येतात तेव्हा "प्रॉब्लेम" एकाचाच ठरलेला असतो. बहुधा तो दहावी-बारावीतला मुलगा, नवी सून किंवा पिणारा बाप असतो. बाकीचे त्याला "दाखवायला" आलेले असतात. पहिला धक्का इथं बसतो, कारण समुपदेशक सगळ्यांनाच प्रश्न विचारायला लागतो. आणि प्रश्नही आडवे असतात. आजीला विचारेल, "आई आणि पप्पा भांडतात तेव्हा ओंकार काय करतो?" धाकटीला विचारेल, "दादा जेवत नाही तेव्हा घरात सगळ्यात जास्त काळजी कोण करतं?" यातून जे दिसतं ते घरच्यांनी स्वतःही कधी पाहिलेलं नसतं. कधी मुलगा आजारी पडला की आईबापाचं भांडण थांबतं, आणि मुलाला ते न कळत माहीत असतं. हे उघड झालं की खोलीत कुणीच गुन्हेगार उरत नाही, आणि मग काम करता येतं.

सेशन एक ते दीड तासाचं असतं. समुपदेशक कागदावर तीन पिढ्यांचं चित्र काढतो: कोण कुणाच्या जवळ, कुणाचं बोलणं बंद, कोण कमावतं, वाटण्या कधी झाल्या, कोण गेलं. सुरुवातीलाच नियम ठरतात. एकाने बोलायचं, बाकीच्यांनी मध्ये बोलायचं नाही. "ती नेहमीच अशी" म्हणण्याऐवजी एक प्रसंग सांगायचा. सासरे किंवा थोरले दीर बोलत असताना सुनेने बोलायचं नाही ही घरची रीत त्या खोलीपुरती बाजूला राहते. समुपदेशक वडीलधाऱ्यांचा मान राखूनच तिला बोलायला लावतो, आणि अनुभव असा की बहुतेक थोरल्यांनाही ते ऐकायचं असतं, फक्त तशी जागा मिळालेली नसते.

गुपितांबद्दल पहिल्याच दिवशी विचारून घ्या. काही समुपदेशक एकेकट्याला भेटतात, काही नाही. "मी एकटीने सांगितलेलं तुम्ही सगळ्यांसमोर बोलणार का?" याचं सरळ उत्तर घ्या. समुपदेशकाला गाठून, मागून फोन करून "त्याला जरा तुम्हीच समजावा" असं सांगू नका. तो तुमच्या बाजूचा झाला की त्या घराच्या कामाचा राहत नाही.

सगळे गावात नसतात, ही आपल्याकडची मोठी अडचण. खानापूर-आटपाडीची किती घरं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत. साताऱ्यातल्या गावागावातून माणूस सैन्यात आहे, पाटण-जावळीकडचा मुंबईत आहे. कर्ता माणूस बाहेर, निर्णय फोनवर, आणि घर सांभाळणारी एकटी. अशा घरांनी लांबच्या माणसाला व्हिडिओवर घ्यावं, आणि तो सुट्टीवर येतो त्या आठवड्यात एक-दोन सेशन समोरासमोर ठेवावीत. त्याला यात्रेला किंवा गणपतीला यायचं असतंच, तारीख तेव्हाचीच मागा.

एक जण यायला तयार नसेल तर? तो येईपर्यंत थांबू नका. जे यायला तयार आहेत त्यांनी सुरुवात करावी. घरातली दोन माणसं वेगळं वागायला लागली की तिसऱ्यालाही वेगळं वागावं लागतं. दारू पिणाऱ्याच्या बायकोने एकटीने येऊनही पुष्कळ काही बदलतं: कर्ज कोण फेडणार, कामावर खोटं कोण सांगणार, मुलांसमोर काय बोलायचं.

परतताना गाडीत पुन्हा तेच भांडण उकरू नका. "बघ, मॅडम पण तेच म्हणाल्या!" या वाक्यावर मी बंदीच घालून ठेवली आहे. साताऱ्याहून निघालात तर उंब्रजपर्यंत गाणी लावा, चहा घ्या, विषय दुसऱ्या दिवशी काढा.

दोन प्रसंगी कुटुंबाचं एकत्र समुपदेशन करू नये. घरात मारहाण होत असेल, बाईच्या मनात धाक असेल, तर नवऱ्याशेजारी बसून ती खरं बोलू शकत नाही, आणि बोलली तर घरी गेल्यावर मार खाते. अशा वेळी तिने एकटीने मदत घ्यावी: महिलांसाठी १८१, तातडीला ११२, आणि पोलिसांकडचा महिला व बालकांसाठीचा विशेष साहाय्य कक्ष. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा तिच्या बाजूने आहे.

दुसरं, "हिला समजावून सांगा" म्हणून मुलीला आणतात तेव्हा. दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न करायचंय म्हणून कुणी मनोरुग्ण ठरत नाही. समाजाच्या रीतीभाती न मानणं हा मानसिक आजाराचा आधार धरता येत नाही, असं २०१७ च्या कायद्यात लिहिलंय. मुलाला मुलगा आवडतो म्हणून त्याला "सरळ" करायचे उपचार देणं हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये डॉक्टरांसाठी गैरवर्तन ठरवलं आहे. अशा वेळी समुपदेशनाची गरज खरोखर असते ती आईवडिलांना, आणि ते त्यांच्यासाठी आले तर मी दार सताड उघडं ठेवते.

पैसे आणि विमा

खासगीत फी माणसागणिक बदलते, म्हणून आधी विचारा आणि सहा सेशनचा हिशेब धरून चाला. परवडत नसेल तर तसं सांगा, अनेक जण कमी करतात किंवा सेशनमधलं अंतर वाढवतात. शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही विमा द्यायचा असं कायदा सांगतो, पण ओपीडीतलं समुपदेशन तुमच्या पॉलिसीत आहे का ते एजंटला लेखी विचारा. पावती आणि औषधाचे कागद एका फाइलीत ठेवा. तुमच्या उपचारांच्या नोंदी मागण्याचा हक्कही तुम्हाला आहे.

जिवाचा प्रश्न असेल तेव्हा

कुणी "मी नसलेलं बरं" म्हणत असेल, वस्तू वाटून टाकत असेल, निरोपाचं बोलत असेल, तर समुपदेशनाच्या तारखेची वाट बघू नका. त्याला एकटं सोडू नका, थेट विचारा, १४४१६ ला फोन करा, १०८ बोलवा किंवा सिव्हिलच्या तातडीच्या विभागात न्या. फवारणीची औषधं कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. प्रयत्न झालाच असेल तर पोलिसांच्या भीतीने घरी लपवू नका. असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं कायदा धरून चालतो, त्याला शिक्षा करायची नाही अशी २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ ची भूमिका आहे. उशिराने जीव जातो.

थांबायचं कधी

बरं वाटलं म्हणून फोन न उचलता येणं बंद करू नका. समुपदेशकाला सांगून थांबा. आठवड्याचं पंधरा दिवसांवर, मग महिन्यावर, असं अंतर वाढवत नेतात आणि शेवटचं एक सेशन आढाव्यासाठी ठेवतात. त्या दिवशी एका कागदावर तुमची स्वतःची सुरुवातीची लक्षणं लिहून घ्या. पहाटे चारला जाग येणं, फोन वाजला तरी न उचलणं, दाढी सुटणं, देवळात जायचं टाळणं, प्रत्येकाची वेगळी असतात. त्याची एक प्रत घरातल्या त्या एका माणसाकडे द्या, ज्याला तुम्ही पहिल्यापासून सांगितलं होतं. यातली दोन-तीन लक्षणं दोन आठवडे टिकली तर पुन्हा वेळ घ्या. दुसऱ्या खेपेला बहुधा पहिल्याइतके दिवस लागत नाहीत.